एका गुरूचें नांव

विद्यार्थ्यासमोर "मला ठाऊक नाहीं" असें म्हणणें शिक्षकास जड जातें. परंतु ठाऊक नसतां "तसें कांहीं नाहींच" असें ठासून सांगणें हा दोष होय. हा दोष प्रस्तुत लेखकाकडून एकदां घडला आहे, व त्याचें यथाशक्ति परिमार्जन या महिन्यांत करावयाचें योजिलें आहे.

गोष्ट जुनी आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनांत एका मुलानें 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटांतील एक गाणें साभिनय म्हटलें. त्या गाण्यांत नायक भल्या मोठ्या अंड्यांतून बाहेर येऊन आपलें नांव सांगतो. ते चाळे पाहून आम्हांस राग आला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत त्याच मुलानें भीत भीत विचारलें, "सर, अँथनी गोन्साल्विस म्हणून खरंच कोणी होतं का?" आम्हीं तत्काळ उत्तरलों, "छे! सिनेमावाल्यांनी रचलेलं नाव ते. बस खाली." मुलगा बसला. पुढें जानेवारी २०१२ मध्यें एके सकाळीं वर्तकनगरांतील आमच्या घरीं वर्तमानपत्र उघडलें, तों त्याच नांवाच्या गृहस्थांच्या निधनाची वार्ता!

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ सालीं गोमंतकांत, साष्टींतील माजोर्डा या गांवीं झाला. वडील तेथील चर्चच्या गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना अक्षरांबरोबर पाश्चात्य स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. आपल्याकडे पाठशाळेंत मूल संथा घेई, तसाच हा प्रकार. ही विद्या पदरीं घेऊन अनेक गोमंतकीय मुंबईस आले. अँथनी १९४३ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले.

येथें वाचक विचारतील, संगीत जर नौशादांचें, तर या मंडळींचें काम तें कोणतें? संगीतकार चाल बांधीत व पेटीवर म्हणून दाखवीत. परंतु अनेक वाद्यांपैकीं कोणीं केव्हां बोलावें, कोणीं केव्हां मौन धरावें, हें प्रत्येकाच्या कागदावर लिहून द्यावें लागे. तें लिहिणारा तो 'अरेंजर'. आणि पुष्कळदां समोर उभा राहून वृंद चालविणाराहि तोच. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत वाद्यसमूहास 'कुतप' असें नांव दिलें आहे; म्हणजे समूहवादन आपणांस नवें नाहीं. परंतु आपलें रागसंगीत मुख्यतः एका स्वररेषेवर चालतें, आणि पाश्चात्य वृंदांत निरनिराळे स्वर एकाच क्षणीं उठून परस्परांस आधार देतात. हा मेळ हिंदी गीतांत आणण्याचें श्रेय मोठ्या अंशीं या गोमंतकीयांकडे जातें. पडद्यावरील नामावलींत मात्र त्यांचीं नांवें क्वचितच येत.

गोन्साल्विस यांचें मन तेवढ्यावर तृप्त होईना. आपले राग पाश्चात्य वृंदाच्या मुखांतून बोलावेत, हा त्यांचा ध्यास. १९५८ सालीं ११० जणांचा 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारून त्यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकांत आपल्या रचना ऐकविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायले. १९६५ सालीं ते अमेरिकेंतील सिराक्यूज विद्यापीठांत गेले. परत आल्यावर मात्र ते चित्रपटसृष्टीकडे वळले नाहींत. माजोर्ड्यास जाऊन राहिले.

त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकलेल्या मुलांत प्यारेलाल शर्मा हा एक होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतील हेच ते प्यारेलाल. १९७७ च्या त्या चित्रपटाचें संगीत याच जोडीचें. नायकास नांव देण्याची वेळ आली, तेव्हां शिष्यानें आपल्या गुरूचें नांव पुढें केलें. नामावलींत जें आलें नव्हतें, तें गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या वरातीपर्यंत सर्वांच्या मुखीं झालें. याहून निराळी गुरुदक्षिणा ती कोणती?

परंतु ती अर्धीच पोहोंचली. जो अर्थ न जाणतां वेद पाठ करतो, त्यास यास्काचार्यांनीं भार वाहणारा खांब म्हटलें आहे. आपण सर्वांनीं हें नांव तसेंच वाहिलें. एका लहान मुलानें तेवढा अर्थ विचारला, आणि त्यास आम्हीं खालीं बसविलें.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असेल, तर त्यास एवढेंच सांगणें आहे: बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता, चुकलें तें आमचें उत्तर. तुझ्या मुलांनीं तें गाणें म्हटलें, तर त्यांना माजोर्ड्याच्या या गुरूची गोष्ट अवश्य सांग.