जुन्या बोटी स्वस्त झाल्यात खऱ्या, पण २० हजार डॉलरमध्ये नेमकं काय मिळतं?

सिएटल परिसरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक फोटो हमखास येतो. कुणाच्या तरी ऑफिसमधल्या मित्राची बोट, मागे ऑलिम्पिक पर्वत आणि हातात भला मोठा सॅमन. मग प्रश्न ठरलेला: "जुनी बोट कितीला पडते रे?"

यंदा हा प्रश्न मीही गंभीरपणे घेतला. घरात बायको, दोन वर्षांची मुलगी आणि उन्हाळ्यात भारतातून येणारे आई-बाबा. म्हणजे मासेमारी करता यावी, पण ऊन-पावसात बसायला छोटी केबिनही हवी. बजेट २० हजार डॉलर. वर्षभर जाहिराती बघून आणि काही बोटी प्रत्यक्ष तपासून जे कळलं, ते इथे मांडतोय.

बाजार का बदलला?

गोष्ट कोविडपासून सुरू होते. विमानप्रवास बंद, हॉटेलं बंद, त्यामुळे लोक पाण्याकडे वळले. २०२० मध्ये अमेरिकेत ३ लाखांहून अधिक नव्या मोटरबोटी विकल्या गेल्या. २००८ च्या मंदीनंतर एवढी विक्री झालीच नव्हती. नवी बोट मिळेना म्हणून जुन्यांच्या किमतीही चढल्या. कित्येकांनी तर पाण्यात चालवून न बघताच पैसे मोजले.

तेव्हा कर्ज जवळपास फुकट होतं. मार्च २०२२ च्या सुरुवातीला फेडरल रिझर्व्हचा व्याजदर शून्याला टेकलेला होता, जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. घर आणि गाडी ही गरज, पण बोट ही हौस. हप्ता, विमा आणि धक्क्याचं भाडं डोईजड झालं की आधी हौसच विकायला निघते. शिवाय वर्षातून चारदाच बाहेर पडणारी बोट दारात उभी राहिली की डोळ्यात खुपायला लागते.

मग नव्या बोटी स्वस्त झाल्या का? नाही. जून २०२५ पासून आयात अॅल्युमिनियमवर ५० टक्के शुल्क लागलं, आणि मासेमारीच्या कितीतरी बोटी अॅल्युमिनियमच्याच असतात. नवी बोट महाग राहिली की चांगली सांभाळलेली जुनी बोटही आपला भाव टिकवून धरते. जिथे किंमत दणकून खाली येते, तिथे बहुतेक वेळा काहीतरी लपलेलं असतं. निदान मी बघितलेल्या जाहिरातींत तरी असंच दिसलं.

म्हणून या मंदीचा खरा फायदा किमतीत कमी आणि वेळेत जास्त आहे. २०२१ मध्ये "उद्या येतो" म्हटलं की बोट गेलेली असायची. आता विक्रेता थांबतो, तपासू देतो. हा वेळ वापरला तरच सौदा स्वस्त.

२० हजारांत काय येतं?

कोविड काळातली केबिनवाली बोट या पैशात येत नाही. येते ती साधारण १९९५ ते २००८ मधली, २० ते २२ फुटांची फायबरग्लासची बोट. पुढे छोटी केबिन, मागे मासेमारीला मोकळी जागा. इथल्या पाण्यात बेलायनर कंपनीची 'ट्रॉफी' मालिका खूप दिसते. बेलायनर मुळात वॉशिंग्टन राज्यातलीच, त्यामुळे जुन्या बोटी आणि त्यांची माहिती असलेले मेकॅनिक दोन्ही सापडतात.

मुख्य इंजिनाशेजारी ८ ते १० हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन असेल तर उत्तम. सॅमनसाठी बोट अगदी हळू चालवावी लागते. मोठं इंजिन बंद पडलं तर परत यायलाही तेच कामाला येतं.

एक गोष्ट आधीच तपासा: तुमची गाडी. अशी बोट, ट्रेलर आणि पेट्रोल मिळून वजन ५ हजार पौंडांच्या आसपास जातं. आपल्यापैकी अनेकांकडे असलेली टेस्ला मॉडेल वाय ३,५०० पौंडच ओढू शकते, होंडा सीआर-व्ही तर १,५०० च. म्हणजे एकतर गाडी बदला किंवा दरमहा धक्क्याचं भाडं भरा. दोन्ही खर्च जाहिरातीत नसतात.

इंजिनाचा लॉग वाचा

या बजेटमध्ये तुम्ही खरं तर इंजिन विकत घेता, बोट त्याच्यासोबत येते. १५० हॉर्सपॉवरचं नवं आउटबोर्ड बसवायचं तर १५ हजार डॉलरच्या पुढेच जातं. म्हणजे इंजिन गेलं की बोटीची किंमत जवळपास दुप्पट.

आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिनात कंप्युटर असतो. यामाहा, मर्क्युरी किंवा सुझुकीचा मेकॅनिक लॅपटॉप जोडून इंजिन किती तास चाललं आणि कोणते फॉल्ट कोड आले ते काढून देतो. कित्येक इंजिनांत कोणत्या वेगाला किती तास गेले तेही कळतं. "फक्त ३०० तास चाललंय हो" हे वाक्य ऐकलं की विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका, अविश्वासही दाखवू नका, लॉग मागा. प्रॉडक्शनमध्ये बग आला की आपण लॉग बघतो, तसंच.

जुन्या, कंप्युटर नसलेल्या इंजिनाला कम्प्रेशन टेस्ट करा. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. आणि खालच्या गिअरचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

माझा अनुभव सांगतो. एव्हरेटला एक बोट पाहिली. रंग चकाचक, सीट नव्या, किंमत १४ हजार. बाबा व्हिडिओ कॉलवर होते, म्हणाले, "घेऊन टाक." मेकॅनिकने स्क्रू सैल केला आणि खाली चहासारखं तेल आलं. विक्रेता म्हणाला, "तेवढं चालतं." आम्ही निघालो. मेकॅनिकचे २०० डॉलर गेले, पण त्या वर्षातला तो सगळ्यात चांगला खर्च होता.

सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल असा आणखी एक मुद्दा म्हणजे सपोर्ट. मे २०२० मध्ये बीआरपी कंपनीने एविनरूड आउटबोर्डचं उत्पादन थांबवलं. ई-टेक इंजिनं वाईट नव्हती, आणि सुटे भाग देत राहू असं कंपनीने सांगितलं. तरीही हा 'एंड ऑफ लाइफ' प्रॉडक्टच. तुमच्या गावात त्याचं डायग्नोस्टिक करणारा मेकॅनिक आहे का, हे आधी विचारा. असेल तर स्वस्त मिळण्याची संधी आहे, नसेल तर डोकेदुखी.

इंजिन बोटीच्या आत आणि गिअर बाहेर अशी स्टर्नड्राइव्ह रचना त्याच किमतीत मोठी बोट देते. पण खाऱ्या पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून गंजतात आणि काही वर्षांनी बदलावेच लागतात. शेवटचे कधी बदलले याची पावती नसेल तर बदललेच नाहीत असं धरून हिशोब करा.

आत कुजलेलं लाकूड

जुन्या फायबरग्लास बोटींत बऱ्याचदा फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवुड असतं. इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेलं असतं, त्या ट्रान्सममध्ये तर हमखास. कुठल्याशा स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघा: टणक आवाज ठीक, भदभद आवाज आला तर धोका. मग इंजिन वर-खाली हलवा. ट्रान्सम लवचत असेल तर पुढचं बघायची गरजच नाही.

पसंत पडलेल्या बोटीसाठी मात्र सर्व्हेअर बोलवाच. फुटाला साधारण २० ते ३० डॉलर घेतात आणि ओलावा मोजायचं यंत्र सोबत आणतात. विमा कंपनीही जुन्या बोटीला हा अहवाल मागू शकते.

१२ अक्षरांची जन्मपत्रिका

मागच्या भिंतीवर उजवीकडे १२ अक्षर-अंकांचा हल क्रमांक कोरलेला असतो. पहिली तीन अक्षरं कंपनीची, पुढची पाच अनुक्रमांकाची. १९८४ नंतरच्या बोटींत नववं अक्षर महिना सांगतं, दहावा अंक वर्षाचा शेवटचा आकडा, आणि शेवटचे दोन मॉडेल वर्ष. शेवटी एच, ४, ०५ असेल तर बोट ऑगस्ट २००४ ची, मॉडेल २००५ चं. कागदपत्रांशी, ट्रेलरशी आणि जाहिरातीशी जुळवून बघा. क्रमांक खरवडलेला असेल तर सरळ घरी या.

खरा हिशोब

खासगी विक्रेत्याकडून घेतली तरी वॉशिंग्टनमध्ये यूज टॅक्स लागतो, सिएटल भागात साधारण १० टक्के. १६ फूट आणि त्यावरच्या बोटींना दरवर्षी किमतीच्या अर्धा टक्का वेगळा कर. म्हणून २० हजार बजेट असेल तर बोट १४-१५ हजारांचीच बघा. बाकीचे कर, टायर, बॅटरी आणि पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी. ही रक्कम लागणारच आहे.

सुरक्षेची यादीही यातच धरा. २६ फुटांखालच्या बोटीत वेगाने जाताना चालकाने इंजिन बंद करणारी दोरी लावणं १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे (सुकाणू बंदिस्त केबिनमध्ये असेल तर सूट). वापरून फेकायच्या अग्निशामकाचं आयुष्य १२ वर्षं, तारीख तळाशी असते. जुन्या बोटीत जुनंच लटकत असतं, बघा.

आणि लाइफ जॅकेट. प्युजेट साउंडचं पाणी ऑगस्टमध्येही जीवघेणं थंड असतं. अमेरिकेत बोट अपघातांत बुडालेल्या दहापैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. पोहता येतं म्हणून आई-बाबा नको म्हणतील, तरी घालायला लावा.

आमची बोट अजून घेऊन झालेली नाही. हिवाळ्यात धक्क्याचं भाडं वाचवायला आणखी लोक विकतील, तेव्हा बघू. ग्रुपवर फोटो टाकायची घाई नाही. आई-बाबा आणि मुलगी बसलेल्या बोटीचं इंजिन भर पाण्यात बंद पडू नये, एवढंच हवंय.