वर्दी कोणाकडे द्यावी?




ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीचा प्रादुर्भाव उघडकीस आला आणि पुढच्याच महिन्यात राज्यभर गुरांचे बाजार भरविण्यास मनाई झाली, तेव्हा चाकणच्या शनिवारच्या बाजारावर ज्यांचा चरितार्थ चालतो त्यांना रोगाइतकेच रोगाच्या वर्दीचेही भय वाटू लागले, हे कबूल केले पाहिजे. वर्दी दिली तर बाजार बंद, दुधाचे गिऱ्हाईक तुटणार आणि शर्यतीचा बैल दावणीलाच राहणार. असा ज्याचा अनुभव, तो मानेवर गाठी आलेली गाय आतल्या बाजूस बांधून खाजगी डॉक्टरला फोन करतो, इंजेक्शन होते, आणि सरकारी दप्तरी त्या गाईचा मागमूसही राहत नाही. कानात बारा अंकी बिल्ला असला म्हणून काय झाले? बिल्ला आपण होऊन बोलत नाही.

२००९ च्या केंद्रीय कायद्याने रोगाची इत्तला ग्रामाधिकाऱ्यास वा ग्रामपंचायतीस द्यावी आणि त्यांनी ती पशुवैद्यकास कळवावी, असे ठरविले आहे. परंतु मोशी, चिखली, चऱ्होली ही गावे १९९७ सालीच महापालिकेत गेली, चाकणलाही नगरपरिषद झाली. ग्रामपंचायती गेल्या, पण कारखान्यांच्या भिंतींआडचे गोठे मात्र आहेत तेथेच आहेत. कायद्याचा अर्थ ताणून महापालिकेचा एखादा अंमलदार त्यात बसविता येईलही, पण त्याचे नाव गोठेवाल्यास कोणी सांगितले आहे काय? १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे, असे उत्तर मिळेल. तो उपचारासाठी उपयुक्त आहे खरा, परंतु वर्दीची पोच देण्याचे उत्तरदायित्व त्याने कोणा एकाच्या शिरावर येत नाही. राष्ट्रीय नोंदप्रणाली दिल्लीत कितीही सुसज्ज असली, तरी खालून जे लिहिले जाईल तेवढेच वर दिसणार.

ज्या पुण्यात १८८९ साली गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली, तेथे हे सांगावे लागावे याचा खेद वाटतो. बुळकांडीचा नायनाट केवळ लसीने झाला नाही. अखेरच्या पर्वात लस थांबवून गावोगाव रोगाचा शोध घेतला गेला, तेव्हा कुठे २००६ साली देश त्या रोगातून मुक्त ठरला.

म्हणून मागणी एवढीच की, प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक अधिकारी नामनिर्देशित करावा, त्याने वर्दीची लेखी पोच द्यावी, खाजगी पशुवैद्यकासही नोंद बंधनकारक करावी, आणि २०२२ साली गाईस तीस हजार व बैलास पंचवीस हजार अशी जी भरपाई ठरली होती, तशी पुढे कधी द्यावी लागल्यास पोच असलेल्यास ती विनातक्रार मिळावी. नमुन्याचा निकालही मालकास कळला पाहिजे. पावसाळ्यात गोमाश्या आणि डास वाढण्यापूर्वी या अधिकाऱ्यांची नावे क्षेत्रीय कार्यालयांत आणि चाकण बाजाराच्या फाटकावर लावण्याची तजवीज महापालिका आयुक्त, चाकण नगरपरिषद व पशुसंवर्धन खात्याने करावी.

आपला,
एक गोठेवाला, मोशी