डेट्रॉइटचा लयकार

हिपहॉपविषयी आपल्याकडच्या सुशिक्षित रसिकाचे मत बहुधा ते संगीत ऐकण्यापूर्वीच बनलेले असते. ज्यांनी आयुष्यभर ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकले, ठेका पाव मात्रा पुढेमागे झाला तरी ज्यांच्या कपाळावर आठी उमटते, असे साक्षेपी श्रोतेसुद्धा या संगीताची वासलात ‘यंत्राची खटखट आणि वर शिवीगाळ’ एवढ्या शब्दांत लावून मोकळे होतात. आणि त्यांच्या आक्षेपाचा जो गंभीर भाग आहे तो असा की, जेथे वाजविणारा हातच नाही तेथे लयीचा विचार तरी कोठून येणार? हा आक्षेप अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. यंत्राने मोजून दिलेला ठेका दर मात्रेला बिनचूक जागी पडतो आणि त्या बिनचूकपणापायीच थोड्या वेळाने कानाला कंटाळा आणतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. परंतु या आक्षेपाला वादविवादात न पडता, केवळ आपल्या कामातून ज्याने समर्पक उत्तर दिले, तो जेम्स ड्युइट यान्सी उर्फ जे डिला हा प्रोड्यूसर, म्हणजे गाण्याचा ठेका रचणारा, आणि डीजे वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी निवर्तला, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याभोवती ज्या कथा जमल्या त्यांनी त्याची कीर्ती जितकी वाढविली तितकेच त्याच्या कर्तृत्वाचे स्वरूप झाकोळून टाकले.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीत कूल हर्क या तरुणाने ११ ऑगस्ट १९७३ रोजी जी मेजवानी रंगविली, तिच्यापासून हिपहॉपचा जन्म मोजण्याची वहिवाट आहे. यान्सीचा जन्म त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ७ फेब्रुवारी १९७४ रोजी, डेट्रॉइट शहरी झाला. आई ऑपेरा गाणारी, वडील जॅझमध्ये बास वाजविणारे. अशा घरात संगीत हे छंदापेक्षा नित्यकर्मच अधिक. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे कारखाने आणि मोटाउन या ध्वनिमुद्रण संस्थेचे शहर. परंतु मोटाउनने १९७२ सालीच आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले होते, कारखानेही ओहोटीला लागले होते, आणि मागे राहिल्या होत्या त्या घरोघरच्या तबकड्या. कॉनंट गार्डन्स या वस्तीतल्या घराच्या तळघरात बसून त्या तबकड्या ऐकत, त्यांतले हवे ते दोन-चार क्षण वेचून काढत हा मुलगा वाढला, आणि शाळासोबती असलेल्या टी-थ्री आणि बाटिन यांच्यासह त्याने ‘स्लम व्हिलेज’ नावाची मंडळी उभी केली. अँप फिडलर या डेट्रॉइटच्याच कीबोर्डवादकाने त्याला अकाई कंपनीचे एमपीसी हे यंत्र हाताळायला शिकविले आणि पुढे १९९४ मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या रॅप-मंडळीतल्या क्यू-टिपची गाठही घालून दिली. त्यानंतरची प्रगती वेगाने झाली: १९९५ मध्ये ‘द फारसाइड’चे ‘रनिन’’, १९९६ मध्ये ‘डे ला सोल’चे ‘स्टेक्स इज हाय’, आणि २००० या एकाच वर्षी कॉमनचे ‘द लाइट’, एरिका बाडूचे ‘डिडन्ट चा नो’ आणि स्लम व्हिलेजची ‘फँटॅस्टिक, व्हॉल्यूम टू’ ही तबकडी.

आता त्या यंत्राकडे जरा सावकाशीने पाहिले पाहिजे, कारण सगळे मर्म तेथे आहे. रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याने आखलेल्या एमपीसी ३००० वर रबरी चौकोनी कळांच्या चार ओळी असतात, प्रत्येक ओळीत चार. जुन्या तबकडीवरून उचललेला ढोलाचा एक ठोका, पियानोचे दोन क्षण, गिटारचा एखादा झंकार असे हवे ते नाद या कळांवर बसवावयाचे, बोटांनी वाजवावयाचे, आणि यंत्राने ते वाजविणे जसेच्या तसे ध्यानात ठेवावयाचे. हे यंत्र दर मात्रेचे ९६ भाग करते; मिनिटाला ९० मात्रा अशी मध्यम गती धरली तर असा एक भाग सेकंदाच्या सुमारे सात सहस्रांशाएवढा होतो. बोट चुकून अलीकडे-पलीकडे पडले तर तो ठोका ओढून नेमक्या जागी बसविण्याची सोय यंत्रात आहे, आणि एकाआड एक ठोका ठरावीक प्रमाणात लांबवून जॅझसारखी झुलती चाल आणण्याचीही आहे. यान्सीच्या आधीचे बहुतेक लोक या दोहोंपैकी एक रीत निवडून ती सबंध गाण्याला लावीत: एक तर सगळे सरळ, नाही तर सगळे झुलते.

यान्सीने केले ते असे की, एकाच ठेक्यातल्या निरनिराळ्या वाद्यांना त्याने निरनिराळा काळ दिला. झांजांची किणकिण सरळ रेषेत चालावी, मोठ्या ढोलाचा ठोका झुलत यावा, आणि स्नेअर म्हणजे तडतडणारा ढोल आपल्या जागेच्या किंचित आधीच पडावा. स्नेअर आधी पडला की, बाकीचे सगळे आपापल्या जागी असूनही कानाला मागे रेंगाळल्यासारखे वाटते. बास आणखी तिसऱ्याच चालीने येतो. आणि एवढे असूनही ठेका कोसळत नाही, उलट ऐकणाऱ्याची मान आपोआप हलू लागते. विलंबित ख्यालात गवई आड चालतो आणि तबलजी ठेका धरून राहतो, त्या ओढीतला आनंद आपल्याला ठाऊक आहे. येथे ती ओढ गवई आणि तबलजी यांच्यात नसून तबल्याची चाट आणि डग्ग्याचा घुमारा यांनीच संगनमताने दोन घड्याळे लावावीत, तशी ठेक्याच्या पोटातच आहे. ज्याला हे प्रथमच ऐकावयाचे आहे त्याला काही तरी बिघडले आहे असे वाटण्याचा संभव फार, आणि पहिल्या कडव्यापर्यंत त्याने धीर धरावा एवढीच विनंती.

या प्रकाराची जी सोपी उपपत्ती सर्वत्र फिरते, ती म्हणजे पहिली दंतकथा: यान्सीने यंत्राची दुरुस्तीची सोय बंद केली, बोटांनी जसे वाजले तसे राहू दिले, आणि त्या बेफिकिरीतून ही माणुसकीची ऊब आली. ऐकावयास गोड, आणि म्हणूनच टिकाऊ. परंतु डॅन चार्नास यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिला टाइम’ या ग्रंथात यंत्राच्या कार्यपद्धतीपर्यंत जाऊन दाखवून दिले आहे की, ठोके पुढेमागे सरकविण्याच्या ज्या सोयी यंत्रातच होत्या त्यांचा यान्सीने जाणून-बुजून आणि बारकाईने वापर केला. सरळ लय आणि झुलती लय यांना एकमेकींसमोर उभे करणारी ही तिसरीच रीत होय, असा त्यांचा सिद्धान्त आहे. मला तो मान्य आहे, आणि त्याचे कारण संगीतात आहे. बेफिकिरीने एखादे गाणे साधेल; दहा वर्षे, निरनिराळ्या गायकांसाठी, निरनिराळ्या गतींत तेच साधत राहणे ही विद्या असते.

त्या विद्येचा पुरावा दुसऱ्यांच्या हातांतही सापडतो. ‘द रूट्स’चा ढोलवादक क्वेस्टलव्ह याने डीअँजेलोच्या ‘व्हूडू’ या २००० सालच्या तबकडीसाठी, आयुष्यभर कमावलेला आपला काटेकोरपणा बाजूला सारून, यान्सीच्या यंत्रातून ऐकलेला तो डुलता ठेका प्रत्यक्ष ढोलांवर वाजविण्याचा रियाज केला. पुढे ख्रिस डेव्हसारख्या ढोलवादकांनी आणि रॉबर्ट ग्लास्परसारख्या पियानोवादकांनी तीच रीत जॅझमध्ये नेली. जेथे हात नाही तेथे लय कोठून, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, येथे वाजविणारे हातच यंत्राची शिकवणी घेत होते. अर्थात त्या यंत्रामागे कोणाचे कान होते, हे पाहणे आले.

दुसरी दंतकथा मृत्यूची आहे आणि ती अधिक बलवान आहे. रक्ताचा एक दुर्मिळ विकार आणि ल्युपस यांनी यान्सीला ग्रासले. २००४ मध्ये तो लॉस एंजेलिसला राहावयास गेला आणि पुढे त्याचा बराच काळ सीडर्स-सायनाय रुग्णालयात गेला. २००५ च्या अखेरीस त्याने चाकाच्या खुर्चीत बसून युरोपचा दौरा केला. ३१ लहान-लहान तुकड्यांची, एकही रॅपर नसलेली ‘डोनट्स’ ही त्याची तबकडी ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या ३२ व्या वाढदिवशी बाहेर पडली, आणि १० फेब्रुवारीला तो वारला. या तीन दिवसांच्या अंतराने लोकांच्या मनावर जे गारूड केले ते समजण्यासारखे आहे. रुग्णशय्येवर पडून, उशाशी लहानसे यंत्र घेऊन त्याने ही सगळी कृती रचली, असे आजही जिकडेतिकडे लिहिले जाते. चार्नास यांच्या शोधानुसार तिचा बराचसा भाग रुग्णालयाबाहेर आणि आधीच तयार झाला होता. शिवाय मूळची ध्वनिफीत लहान होती, तिला पूर्ण तबकडीची लांबी देण्याचे संकलन ‘स्टोन्स थ्रो’ या प्रकाशनसंस्थेतील जेफ जँक यांनी केले.

यामुळे कृतीचे मोल कमी होते काय? माझ्या मते वाढते. शेवटच्या तुकड्यातून पहिल्या तुकड्यात कान अखंड शिरावा अशी तिची वर्तुळाकार रचना, जुन्या गाण्यातले एक अक्षर अर्ध्यात तोडून त्यालाच वाद्य बनविण्याची तिची हातोटी, ही सगळी प्रौढ कारागिराची लक्षणे आहेत, आणि ती ऐकताना आपण जर केवळ मरणाची पावले ऐकत बसलो तर त्या कारागिराचा आपण अपमान करतो. करुणेने केलेली स्तुतीही आळशी असू शकते.

आणि स्तुतीने घर चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. यान्सीच्या पश्चात सरकारी कराची मोठी बाकी निघाली. मृत्युपत्रान्वये नेमलेले मुखत्यार आणि कुटुंबीय यांच्यात वाद माजले. त्याचे अप्रकाशित ठेके परवानगीवाचून हातोहात फिरू लागले. आईने मुलाच्या नावे संस्था काढून त्याचा वारसा सांभाळला, परंतु त्या वारशाच्या कायदेशीर किल्ल्या बराच काळ तिच्या हाती नव्हत्या. हयातीतही श्रेयाचा हिशेब सरळ नव्हताच. क्यू-टिप आणि अली शहीद मुहम्मद यांच्यासह तो ‘द उम्मा’ या सामायिक नावाने काम करीत असे, त्यामुळे कोणता ठेका कोणाचा हे बाहेरच्यांना कळत नसे. १९९७ साली जॅनेट जॅक्सनचे ‘गॉट टिल इट्स गॉन’ गाजले; त्यावर नाव जिमी जॅम आणि टेरी लुइस यांचे होते, ते काम आपले असल्याचे यान्सीच्या बाजूने सांगितले गेले आणि त्या दोघांनी ते नाकारले. यान्सीने त्या गाण्याची स्वतःची आवृत्ती केली आणि तिच्या नावातच ‘रिव्हेंज’ म्हणजे सूड हा शब्द घातला! फिर्याद नोंदविण्याची ही रीत मला तरी कोणत्याही दिवाणी दाव्यापेक्षा बोलकी वाटते.

दुसऱ्या बाजूचा न्यायही पाहिला पाहिजे. यान्सीची कला उसन्या नादांवर उभी होती: ‘रनिन’’मधली गिटार स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे लुइझ बोंफा यांच्या तबकडीवरून घेतलेली, ‘द लाइट’ बॉबी काल्डवेल यांच्या गाण्यावर रचलेले. या वहिवाटीत मूळ धन्याचे नाव बुडण्याचा धोका नेहमीच असतो, आणि त्याची झळ मुंबईलाही लागलेली आहे. २००२ साली डीजे क्विक या प्रोड्यूसरने ट्रुथ हर्ट्स या गायिकेसाठी केलेल्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज सरळ उचललेला होता. ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातले, बप्पी लाहिरी यांनी स्वरबद्ध केलेले ते गाणे. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले आणि लाहिरी यांचे नाव छापल्याखेरीज तबकडी विकू नये असा हुकूम झाला. हुकूम योग्यच होता. यान्सीचा जिवलग सहकारी मॅडलिब याने तर २००७ साली हिंदी चित्रपटसंगीताच्या तुकड्यांवरच एक सबंध तबकडी रचली. असे तुकडे ज्या काळातून येतात त्या काळी मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ते वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक आणि त्यांचे अनेक वादक तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच दिसत. थोडक्यात, ज्याच्याकडून नाद उसना घेतला तोही पुष्कळदा अनामिकच होता.

म्हणूनच या संगीताचे मूल्यमापन करणाऱ्यांनी निदान एक शिस्त पाळावी. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या आपल्या संग्रहालयासाठी यान्सीचे एमपीसी यंत्र स्वीकारले आहे, त्यामुळे त्याच्यापुरता निवाडा झाला असे समजावयास हरकत नाही. आपल्याकडे मात्र रॅपचे नवे गाणे गाजले की वर्तमानपत्रे गायकाची मुलाखत छापतात, त्याच्या चाळीचे वर्णन करतात, क्वचित त्याच्या बुटांचेही. ठेका कोणी रचला हे शेवटच्या ओळीतही नसते. २०१५ साली ‘मेरे गली में’ने डिव्हाइन आणि नेझी ही मुंबईची दोन नावे घरोघर पोहोचविली, परंतु त्याचा ठेका सेझ ऑन द बीट या दिल्लीच्या तरुणाचा, हे किती वाचकांना ठाऊक आहे? चित्रपटगीताखाली संगीतकाराचे नाव छापण्याची रीत आपल्या वृत्तपत्रांत जुनी आहे. संपादकांनी तीच रीत येथेही लागू करावी, आणि यापुढे हिपहॉपच्या प्रत्येक परीक्षणात प्रोड्यूसरचे नाव गायकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.