अंतराळातील शेती आणि काडाचा हिशेब

चंद्रावर वा मंगळावर मनुष्यवस्ती करण्याची चर्चा निघाली की ती लवकरच पिकांवर येऊन ठेपते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर वाढविलेली लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी खाल्ली, तेव्हा जगभर कौतुक झाले. ते अनाठायी नव्हते. परंतु पालेभाजी जवळजवळ सगळीच पोटात जाते. धान्याचे तसे नाही. गव्हाच्या रोपाचे सामान्यतः निम्म्याहून अधिक वजन काड, पाने आणि मुळे यांतच असते. त्याची वाट काय लावायची, हा प्रश्न बाजूस सारून वस्तीच्या गोष्टी बोलल्या जात आहेत.

ज्वारीच्या कडब्याला बाजारात भाव मिळतो, कारण तो खाणारी जनावरे आहेत आणि त्यांचे शेणखत घेणारी जमीन आहे. बंद यानात गोठा नाही आणि उकिरडाही नाही. तेथे माणूस दाणे खाऊन त्यांतील कार्बन श्वासावाटे हवेला परत देतो. काडातील कार्बन मात्र अडकून पडतो. प्रत्येक सुगीबरोबर हवेतील कार्बन डायऑक्साइड पिकाला अपुरा पडू लागतो आणि पोटॅशियमसारखी द्रव्येही काडात गुंतून राहतात. व्यापाऱ्याचे भांडवल न खपणाऱ्या मालात अडकावे, तसाच हा प्रकार.

काड जाळले तर कार्बन झटपट मोकळा होतो, पण नत्र बहुतांशी वायुरूपाने हातचा जातो. म्हणून नासाच्या केनेडी अंतराळ केंद्रात बायोरिॲक्टरचे प्रयोग झाले. वाळवून दळलेले पीकावशेष पाण्यात, हवेच्या पुरवठ्यात, सूक्ष्मजीवांच्या स्वाधीन करायचे आणि निघालेले क्षारयुक्त पाणी पुन्हा रोपांना द्यायचे. क्षार तर नुसत्या पाण्यानेही बरेच सुटतात. अडचण लिग्निनची, जे लवकर कुजत नाही. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की काही सूक्ष्मजीव नायट्रेटचा नत्रवायू करून टाकतात. म्हणजे या पात्रातही गळती आहेच.

कुजणे मोकाट सुटले तर काय होते, हे ॲरिझोनातील ‘बायोस्फिअर-२’ने दाखविले. १९९१ मध्ये तेथे आठ माणसे आत गेली. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध मातीतील सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन इतका खाल्ला की त्याचे प्रमाण सुमारे २१ वरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आले आणि १९९३ च्या आरंभी तो बाहेरून भरावा लागला. बायोरिॲक्टरचे खरे मोल येथे कळते: तो कुजण्याला लावलेली तोटी आहे. बीजिंगच्या ‘युएगाँग-१’मध्ये २०१७-१८ साली ३७० दिवसांच्या प्रयोगात घनकचऱ्याच्या पात्राचा वेग कमीजास्त करून हवा सावरण्यात आली. पदार्थांचा पुनर्वापर ९८ टक्के झाल्याचे सांगितले गेले. यश मोठे, तथापि ते पृथ्वीवरचे, आणि वीज बाहेरची.

केनेथ बोल्डिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली पृथ्वीलाच यानाची उपमा दिली. अर्थव्यवस्थेतून किती माल वाहून गेला हे प्रगतीचे माप नव्हे, बंद व्यवस्थेत तो ओघ कमीच असावा, असा त्याचा आग्रह होता. गंमत अशी की प्रत्यक्ष यान बांधणाऱ्यांनाच हा हिशेब अजून पुरता पचलेला नाही. आजही अंतराळस्थानकावरील कचरा बहुतेक मालवाहू यानांत भरून वातावरणात जाळला जातो आणि अन्न पृथ्वीवरून येते. मंगळाच्या वाटेवर अशी नित्याची रसद मिळणार नाही. तेव्हा पिकांच्या नव्या पेट्यांवर खर्च करण्याआधी, एकच काड अनेक सुगींतून फिरविणारा, काही वर्षे अखंड चालणारा बायोरिॲक्टर पृथ्वीवरच सिद्ध करून दाखविला पाहिजे. आणि त्यासाठी लागणारी वीज, जागा व ऑक्सिजन हे पिकाच्याच खर्चात धरले पाहिजेत.