अंगठा उमटत नाही तेव्हा

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. नात्यातील एका लग्नासाठी पाच दिवस दवाखाना बंद होता. परतल्यावर सकाळी संगणक सुरू केला, तर ज्या संकेतस्थळावर रुग्णांच्या नोंदी ठेवतो ते उघडेना. जोडणी सुरक्षित नाही, एवढाच निरोप पडद्यावर येई. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, मदतनीसाने राउटर बंद करून चालू केला, बाहेर रुग्ण ताटकळत होते. अखेर मदतनीसाचे लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. तेथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसत होती. संगणकाच्या पोटात नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की मुख्य बटण बंद करताच घड्याळ मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या खरेपणाचा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. आमच्या संगणकाच्या लेखी ती मुदत अद्याप सुरूच झालेली नव्हती, म्हणून तो दार उघडत नव्हता. तारीख दुरुस्त केली, दुपारी सेल बदलला, काम सुरू झाले.

त्याच सकाळी कळंब तालुक्यातील एका खेड्यातून सत्तरी ओलांडलेल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. रक्तदाब १९० वर ११०. गोळ्या चालू आहेत का, असे विचारल्यावर त्या गप्प राहिल्या. नातवाने सांगितले, की एक दिवसाआड घेते. पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन दोन महिने बंद होते, कारण नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देता आला नाही. केंद्रावर तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा अंगठा उमटला नाही. "डाक्टर, म्या जित्ती हाय, आन् त्यो डबा म्हनतो न्हाई. आता कुनाला सांगू?" आजी म्हणाल्या.

माझ्या संगणकाने दार उघडले नाही तेव्हा आम्ही दोष यंत्रात शोधला. आजींच्या बाबतीत मात्र केंद्रचालकापासून घरच्यांपर्यंत सर्वांनी तो त्यांच्या अंगठ्यात शोधला, आणि त्यांनीही तो निमूट स्वीकारला होता.

मी त्यांचे हात उलटून पाहिले. बोटांच्या टोकांवरील रेषा म्हणजे त्वचेचे सूक्ष्म उंचवटे. वयानुसार त्वचा पातळ व कोरडी होते, तिचा ताणलेपणा कमी होतो आणि उंचवटे सपाट होत जातात. त्यात खुरपणी, सोयाबीनची काढणी, तव्यावरची भाकरी, राखेने घासलेली भांडी आणि तंबाखू मळताना लागणारा चुना. आपल्या भागातील बाईच्या हाताची जन्मभराची झीज ती हीच. थंडीत कोरडेपणा वाढतो आणि हयातीच्या दाखल्याचा हंगाम नेमका नोव्हेंबर. इसब असल्यास ठसा आणखी पुसट होतो. स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिन या गोळीमुळे तळहात सोलवटून ठसे काही काळ नाहीसे झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. अशा रुग्णाने केंद्रावर जाताना उपचाराचा कागद जवळ ठेवावा.

केंद्रावर जाण्यापूर्वी आठवडाभर रात्री झोपताना बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळावे. त्या दिवशी मात्र तेलकट बोट काचेवर ठेवू नये. साबण व कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत, यंत्राची काच पुसण्यास सांगावे, बोट सपाट ठेवून बेताने दाबावे. जोर केल्याने रेषा आणखी चपट्या होतात. अंगठाच हवा असा नियम नाही. दहाही बोटे वापरून पाहता येतात. कुणी पूर्वी मोबाईलवरून आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद केले असेल तर कोणतेच बोट चालणार नाही, हेही तपासावे. बुबुळाच्या यंत्राचा पर्याय असतो, परंतु मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो कधीकधी अडतो. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी तर जाऊच नये.

जीवन प्रमाण ही हयातीच्या दाखल्याची डिजिटल सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०२१ पासून त्यात चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. आजींच्या बाबतीत आम्ही तोच मार्ग धरला. नातवाच्या मोबाईलवर, दवाखान्याच्या ओसरीत, उजेड समोरून पडेल असे बसवून. चष्मा काढला, पदर कपाळावरून मागे घेतला. यंत्राला डोळ्यांची उघडझाप हवी असते आणि आजी भीतीने टक लावून पाहत होत्या. तिसऱ्या प्रयत्नात दाखला निघाला. हेही न जमल्यास कागदी दाखला आजही चालतो. बँकेत स्वतः उपस्थित राहून तो देता येतो. यंत्राने नाकारले म्हणून कुणी परत पाठवू लागले, तर हे नम्रपणे परंतु ठामपणे सांगावे.

घरच्या संगणकावर खात्यात प्रवेश मिळत नसेल, तर तारखेनंतर कळफलकाची भाषा पाहावी. मराठी टंकलेखन चालू राहिलेले असते, पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे चूक कळत नाही. मी स्वतः या चुकीत अर्धा तास घालवला आहे. दोन प्रयत्न फसले की थांबावे. पुढच्या प्रयत्नांत खाते तात्पुरते बंद होऊ शकते. अर्जातील यादीत धाराशिव सापडत नसेल तर उस्मानाबाद शोधावे. नाव २०२३ मध्ये बदलले, सगळ्या यंत्रांना ते कळलेले नाही. द्विनाभी चष्मा असलेल्यांनी पडदा थोडा खाली व हातभर अंतरावर ठेवावा, अन्यथा खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकावी लागते आणि सायंकाळी मानदुखी घेऊन ते माझ्याकडे येतात.

एका गोष्टीकडे मात्र घरच्यांनी बारकाईने पाहावे. माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक अनेक वर्षे बँकेचे व्यवहार संगणकावर स्वतः करीत. पासवर्ड विसरला, अशी मुलाची तक्रार होती. पासवर्ड विसरणे हा आजार नव्हे. पण वहीत लिहिलेला पासवर्ड समोर असूनही तो कोठे टाकायचा, हे गुरुजींना उमगत नव्हते. जे काम वर्षानुवर्षे हातचे होते त्याचा क्रमच हरवणे, ही तपासणीची वेळ असते. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांमुळेही असे होते, आणि ही कारणे उपचाराने बरीच सुधारतात. स्मृतिभ्रंशच असेल, तर लवकर कळल्याने पैशांच्या व्यवहाराची व्यवस्था रुग्णाच्या संमतीने लावता येते. त्या मुलाने सहा महिने वडिलांवर चिडण्यात घालवले होते. त्याला दोष देण्याचे धैर्य मला नाही. रोज सांभाळणारा माणूस थकतो.

ओटीपी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर जातो, तो कामात असतो, आणि इकडे म्हातारी माणसे केंद्रावर बसून राहतात. आईवडिलांच्या आधारला त्यांच्याच हातात असणारा क्रमांक जोडावा. ते काम आधार केंद्रावर होते. दूरध्वनी करून हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी मागणारा माणूस ठगच समजावा. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. वृद्धांनी आपली फसगत लपवू नये म्हणून घरात कुणी त्यांना हसू नये.

मार्चमध्ये आजींच्या खात्यात थकबाकीसह रक्कम जमा झाली. पुढच्या खेपेस त्या आल्या तेव्हा रक्तदाब १४० वर ८४ होता. त्यांनी महिनाभराच्या गोळ्या एकदम लिहून मागितल्या आणि हाताला लावायचे मलम संपल्याचे सांगितले.