पीसी बंद पडतोय? एसटी धरू नका!

राजूरला घरीच पीसी असेंबल केलात आणि तो सारखा बंद पडतोय? लगेच कॅबिनेट उचलून संगमनेरची एसटी धरू नका. भाडं जाईल, कॉलेज बुडेल आणि दुकानात तो नेमका शहाण्यासारखा चालेल! आधी घरीच बघा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग काढून एकच रॅम ठेवा, मग दुसरी लावून बघा. बायोसमध्ये एक्सएमपी बंद करा. गेम लावल्यावरच बंद पडतो? संशय तापमानावर किंवा पॉवर सप्लायवर. शेजारची मोटर सुरू झाली की बंद पडतो? मग व्होल्टेज बघा. सगळं वहीत लिहा. अंदाजानं नवा पार्ट घेणं म्हणजे दुरुस्ती नाही, जुगार आहे. आणि पैसे घरच्यांचे असतात.