जगाचा इतिहास आणि उत्तर तपासणारा शिक्षक

राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप बदलावे की नाही, हा वाद आता संपला आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत जाहीर केली, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने ती २०२५ पर्यंत पुढे ढकलली. तीही मुदत सरली. आता नऊ पेपर आहेत. त्यातले सात गुणवत्तेसाठी धरले जातात, प्रत्येकी २५० गुणांचे. मुलाखतीचे २७५ धरून एकूण २०२५ गुण. आणि सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास आला आहे: औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, वसाहतवाद, निर्वसाहतीकरण, साम्यवाद आणि भांडवलशाही.

आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ असलेल्या अवसरी बुद्रुकसारख्या गावातून अभ्यास करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी या बदलाचा अर्थ काय?

पुस्तकांचा प्रश्न पूर्वीइतका मोठा नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या इतिहासात युरोपीय प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध ही सारी प्रकरणे मराठीतच आहेत, आणि पाया घालायला ती पुरतात. व्याख्याने मोबाईलवर ऐकता येतात. खरी अडचण पुढे आहे. बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर उत्तरतालिकेवरून स्वतः तपासता येत होते. अडीचशे शब्दांचे उत्तर स्वतःला तपासता येत नाही. लिहिणाऱ्याला आपले उत्तर बरोबरच वाटते. ते वाचून 'हे विचारलेलेच नाही' असे सांगणारा माणूस लागतो. पुण्याच्या पेठांत असा माणूस फी भरून मिळतो. बार्टीच्या योजनांतून निवड झालेल्यांना पुण्यात, दिल्लीत प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळते, ते हवेच. पण निवड न झालेला विद्यार्थी गावातच असतो आणि त्याची वही कुणीच उघडत नाही.

एक प्रश्न घेऊन पाहू. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१६ मध्ये विचारले होते की, पश्चिम आफ्रिकेतील वसाहतविरोधी लढ्यांचे नेतृत्व पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या नव्या वर्गाने केले, हे तपासा. पाठांतर केलेला विद्यार्थी इथे देशांची यादी आणि स्वातंत्र्याची साले लिहील. घाना १९५७, सेनेगल १९६०. शिक्षक विचारेल, घानाचे एन्क्रूमा शिकले कुठे? अमेरिकेत लिंकन विद्यापीठात, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येही त्यांनी नाव घातले. मग ज्या देशांनी गुलाम केले त्यांच्याच वर्गात बसून त्यांनी काय उचलले? आणि 'तपासा' म्हटले आहे, तर फक्त शिकलेलेच लढले का? कामगार, शेतकरी, बाजारात बसणाऱ्या बाया कुठे गेल्या? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर उभे राहते. ते व्याख्यान ऐकून सुचत नाही, कुणीतरी समोर बसून विचारावे लागते.

कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेल्या बाबासाहेबांच्या वाचकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामगिरी हटवणाऱ्या लोकांना अर्पण केली. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्याकडे मागितली. (आणि जग जुन्नरला तर दोन हजार वर्षांपूर्वीच आले होते. तिथल्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. अभ्यासक्रम अठराव्या शतकापासून सुरू होतो, म्हणून ते उत्तरात चालणार नाहीत, एवढेच.)

इथे एक गोष्ट कडू वाटली तरी बोलायला हवी. आपली मुले बाबासाहेबांचे नाव आले की उत्तराचे भाषण करतात. फ्रेंच राज्यक्रांतीवर प्रश्न असेल तर आधी करांचा बोजा, रिकामा खजिना, तिसऱ्या वर्गाची कोंडी आणि महागलेली भाकरी लिहिली पाहिजे. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. ते वाक्य प्रश्नाच्या ओघात बसत असेल तर शेवटी एका ओळीत यावे. सगळे पान त्यावर खर्च केले तर गुण जातील. हे प्रेमाने सांगणारा शिक्षक आपल्यातलाच असेल तर मुले ऐकतात.

असे लोक आपल्यात आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, इतिहासाचे प्राध्यापक आहेत, सेवेत लागलेले अधिकारी आहेत. जयंतीला त्यांना मंचावर बोलावून शाल देतो, ते देऊच. त्यांच्याकडून महिन्याचे चार रविवारही मागावेत. विहारात सतरंजी, भिंतीवर घड्याळ, फळ्यावर एक प्रश्न. लिहायला दहा-बारा मिनिटे, मोबाईल बाहेर. मग उत्तर मोठ्याने वाचायचे आणि वही शिक्षकाकडे द्यायची. आलेच नाही कुणी, तर दोघांनी एकमेकांच्या वह्या तपासायच्या, फोटो काढून पुण्यातल्या एखाद्या दादाला किंवा ताईला पाठवायचा. पहिल्या महिन्यात पान लाल शाईने भरून परत येईल. ती वही टाकून द्यायची नाही, तोच प्रश्न पुढच्या रविवारी पुन्हा लिहायचा.